बायोलॉजीतला माणूस ३ लाख वर्षांचा आणि इतिहासातला ५ हजारचा, मधलं सगळं गेलं कुठे?

सिंहगडरोडी

नमस्कार मंडळी. प्रश्न मूळचा माझ्या मुलाचा आहे, अकरावी सायन्सला आहे तो, पण उत्तर द्यायला गेलो आणि माझीच पंचाईत झाली म्हणून इथे टाकतोय. तो म्हणाला बाबा, बायोलॉजीत सांगतात माणूस साधारण ३ लाख वर्षांपासून आहे आणि इतिहासात सगळं हडप्पापासून सुरू होतं, म्हणजे फार तर ५ हजार वर्षं, मग मधली वर्षं कुठल्या विषयात येतात? पाचवीत अश्मयुगाचे काही धडे होते म्हणे, ते परीक्षेपुरते पाठ केले आणि विसरला. मी आपलं ठोकून दिलं की तेव्हा माणूस जंगलात फिरत होता, विशेष काही घडलं नाही. तर लगेच पुढचा बाउन्सर, मग शेती सुरू झाल्यावर उत्क्रांती थांबली का, कारण बायोलॉजीचं पुस्तक तिथेच थांबतं. इथे मी चहा करायला उठलो.

त्यात भर म्हणजे मेव्हण्याने ती थुंकी पाठवायची डीएनए टेस्ट करून घेतलीये. रिपोर्टात टक्केच टक्के आलेत आणि त्यात कुठेतरी इराण दिसतंय. गणपतीत सगळे जमले होते तेव्हा आपलं घराणं मूळचं कुठलं यावरून त्याची आणि सासऱ्यांची अशी जुंपली की आरती अर्धा तास लांबली. सासरे म्हणतात आपण मूळचे इथलेच, तो म्हणतो सायन्स खोटं बोलत नाही.

जाणकारांनी प्रकाश टाकावा. राजकारण नको प्लीज.

आगाऊ_पेठकर

५ हजार तरी कुठे हो, आमच्या शाळेत इतिहास १६३० ला सुरू व्हायचा, १८१८ आलं की बाई रडवेल्या व्हायच्या आणि मग एकदम टिळक. त्याआधी कोणी असेल तर त्याने आपापलं बघून घ्यावं.

बाकी 'राजकारण नको' असं लिहिलंय म्हणजे येणारच, मी खुर्ची टाकून बसतो.

घोडनदीकाठ

'विशेष काही घडलं नाही' हे वाचून राहवलं नाही म्हणून लॉगिन केलं. थोडं लांबेल, आधीच सांगतो.

३ लाखांचा आकडा मोरोक्कोतल्या जेबेल इरहूदच्या हाडांवरून आलाय, २०१७ मध्ये जाहीर झाला. त्या माणसांचा चेहरा बराचसा आपल्यासारखा पण कवटी मागे लांबट, म्हणजे एका दिवशी फीत कापून माणूस सुरू झाला असं काही नाहीये, हळूहळू घडत गेलेला प्रकार आहे. आणि तेव्हा आपण एकटेही नव्हतो, आपल्या चुलत प्रजातीची माणसंही होती, युरोपात निअँडरथल, पूर्वेकडे डेनिसोवन, इंडोनेशियाच्या फ्लोरेस बेटावर तर साडेतीन फुटी माणसं होती. हे सगळे आता नाहीत, आपण आहोत. ही काय विशेष न घडलेली गोष्ट झाली का?

आता पुणे जिल्ह्यातलं सांगतो, कारण लोकांना वाटतं अश्मयुग म्हणजे आफ्रिका नाहीतर फ्रान्स. जुन्नर तालुक्यात कुकडी नदीवर बोरी आहे. तिथे नदीच्या गाळात ज्वालामुखीच्या राखेचा थर सापडला आणि त्याच्या संगतीने दगडी हातकुऱ्हाडी. राख आली सुमात्रातून, टोबा ज्वालामुखीची, पण कुठल्या स्फोटाची यावर अभ्यासकांची भांडणं आहेत. एक गट म्हणतो ७४ हजार वर्षांपूर्वीच्या मोठ्या स्फोटाची, दुसरा म्हणतो त्याच्या कित्येक पट जुनी. जुनी असेल तर त्या हातकुऱ्हाडी करणारा आपल्या प्रजातीचा माणूसच नव्हता, आपल्या आधीचा कुणीतरी होता, तोही कुकडीचं पाणी पीत होता. चेन्नईजवळ अत्तिरमपक्कमला तर अशीच हत्यारं १५ लाख वर्षांपूर्वीची निघालीत. आणि हाथनोऱ्याला नर्मदेच्या काठी अरुण सोनकियांना १९८२ मध्ये कवटीचा तुकडा सापडला तोही आधुनिक माणसाचा नाही.

इतिहासाचं पुस्तक उशिरा सुरू होतं याचं कारण साधं आहे, त्यांना लिहिलेलं लागतं. आपल्या भागात वाचता येईल असं जुनं लिखाण म्हणजे नाणेघाटातला सातवाहनांचा लेख, दोन हजार वर्षांच्या आसपासचा. त्याच्या आधीचं सगळं 'प्रागैतिहासिक' म्हणून एका खोक्यात टाकून दिलंय.

आणि त्या खोक्यात काय आहे ते बघायचं तर आमच्या शिरूर तालुक्यात इनामगाव आहे. घोडनदीच्या काठचं टेकाड, डेक्कन कॉलेजने १९६८ पासून पुढे दहाबारा हंगाम तिथे उत्खनन केलं, सांकलिया, ढवळीकर, अन्सारी वगैरे मंडळी. इसवी सनापूर्वी साधारण १६०० ते ७०० पर्यंत लोक तिथे नांदत होते. मुख्य पीक जव, ज्वारी नाही बरं का. नदीचं पाणी वळवायला पाट होता, बांध होता. गावाच्या मधोमध पाच खोल्यांचं मोठं घर, शेजारी कोठार, आणि त्या घराच्या अंगणात चार पायांच्या मातीच्या रांजणात मांडी घालून बसवलेला पुरुष पुरलेला. तो गावचा प्रमुख असावा असं मानतात. लहान मूल गेलं की दोन मडकी तोंडाला तोंड लावून त्यात ठेवायचे आणि घराच्या जमिनीखालीच पुरायचे. मोठी माणसं गेली की बऱ्याचदा घोट्याखालून पावलं तोडून पुरायचे, मेलेला परत चालत येऊ नये किंवा घर सोडून जाऊ नये म्हणून, असा अंदाज. आता हे लिहिलेलं कुठेच नाही, पण याला इतिहास म्हणायचं नाही तर काय म्हणायचं?

शेवटच्या काळात म्हणजे इसवी सनापूर्वी १००० नंतर गाव घसरणीला लागलं. चौकोनी मोठी घरं जाऊन गोल झोपड्या आल्या, शेती कमी झाली, जनावरं आणि शिकार यावर जास्त भर. पाऊस कमी झाला हे जुनं उत्तर, आता त्यावरही वाद आहे. ७२ चा दुष्काळ ज्या घरांनी बघितलाय त्यांना हे चित्र फार परकं वाटणार नाही.

आणि मुलाच्या प्रश्नाशी थेट संबंध असलेली गोष्ट राहिली. त्या मडक्यांतल्या लहान मुलांचे दुधाचे दात डेक्कन कॉलेजच्या वाळिंबे सरांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तपासले, त्यांच्या इनॅमलवर, म्हणजे दाताच्या वरच्या कडक थरावर, वाढ अडखळल्याच्या खुणा आहेत. हा पुरावा बायोलॉजीच्या पुस्तकात घालायचा की इतिहासाच्या हे तुमच्या मुलालाच विचारा.

ओपीडीनंतर

घोडनदीकाठ, सुंदर प्रतिसाद, वाचनखूण साठवली. दातांचा धागा मी पुढे नेते, डॉक्टर असल्यामुळे तेवढंच जमतं.

दुधाच्या दातांचं इनॅमल मूल पोटात असल्यापासून तयार व्हायला लागतं, त्यामुळे त्याच्यावरची खूण ही कधीकधी आईच्या उपासमारीची किंवा आजाराची खूण असते. आता तीन हजार वर्षं पुढे या, जिल्हा तोच. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या बायकांचा आणि त्यांच्या मुलांचा अभ्यास चालवलाय. इथल्या बाळांचं सरासरी वजन निघालं २.७ किलो, इंग्लंडात साउदम्प्टनच्या बाळांचं ३.५. पण गंमत अशी की आपल्या बाळांत स्नायू आणि आतले अवयव छोटे, चरबी मात्र फारशी कमी नाही. बघायला काडी आणि आतून गुटगुटीत. त्यांचा स्वतःचा एक फोटो लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात २००४ ला आला होता, शेजारी ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, अगदी सारखा, २२.३, पण अंगातली चरबी युडकिनांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२. माझ्या ओपीडीत रोज हेच दिसतं, पोट सोडून सगळीकडून बारीक, वय अडतीस, शुगर दोनशे ऐंशी, आणि म्हणतात मॅडम मी तर जाडही नाही.

यावर नेटवर एक सोपी गोष्ट फिरते की इंग्रजांच्या काळात इतके दुष्काळ पडले की चरबी साठवणारेच जगले, म्हणून आपल्याला डायबेटिस. ऐकायला भारी वाटतं, पण मला पटत नाही. चारपाच पिढ्यांत निवड होऊन सगळ्या लोकसंख्येचे जीन्स बदलायला दुष्काळ फार वेगळ्या प्रकारचा लागेल. त्यापेक्षा आईच्या पोटातलं पोषण हा धागा जास्त भक्कम आहे. त्याच सहा गावांत दोन तृतीयांश गरोदर बायकांना बी-१२ जीवनसत्त्व कमी होतं, आणि बी-१२ कमी पण फोलेट (हेही एक बी जीवनसत्त्व) जास्त असलेल्या आयांच्या मुलांत सहाव्या वर्षी इन्सुलिन रेझिस्टन्स, म्हणजे इन्सुलिनला शरीराने नीट दाद न देणं, जास्त दिसला. म्हणजे जीन्स न बदलताही आईचा इतिहास पोराच्या शरीरात उतरतो. शाकाहार, गरिबी, उरलंसुरलं शेवटी खाण्याची पद्धत, हे सगळं इतिहासाच्या पेपरातलं आहे आणि रिझल्ट लॅबमध्ये लागतो.

उत्क्रांती थांबली का, तर नाही. शेती आणि गुरं आल्यावर उलट नवीन दाब आले. मोठेपणी दूध पचवायचा जो बदल आहे तो उत्तर भारतात आणि युरोपात सापडतो तो एकच आहे, मूळ एकच. वायव्येकडे त्याचं प्रमाण जास्त, दक्षिणेला आणि पूर्वेला कमी. ज्यांच्याकडे नाही त्यातल्या अनेकांना ग्लासभर दुधाने पोट धरून बसावं लागतं पण ताक दही चालतं, कारण लॅक्टोज म्हणजे दुधातली साखर विरजणात आधीच काही प्रमाणात कमी झालेली असते. सिकलसेलचं उदाहरण याहून कठोर आहे. एका पालकाकडून तो जीन आला तर मलेरियाच्या जीवघेण्या प्रकारापासून संरक्षण, दोघांकडून आला तर आयुष्यभराचं दुखणं. भारतात तो पहिल्यांदा १९५२ मध्ये निलगिरीत नोंदला गेला, आपल्याकडे विदर्भात आणि नंदुरबारकडे खूप आहे. डासांनी आणि जंगलाने घडवलेला इतिहास आहे तो, राजांच्या यादीत दिसत नाही एवढंच.

पुरावा_द्या

सगळं ठीक पण मूळ मुद्दा सोयीस्करपणे टाळला जातोय. हरियाणातल्या राखीगढी या हडप्पाकालीन शहराचा डीएनए २०१९ मध्ये आला, तो पण डेक्कन कॉलेजच्याच वसंत शिंदे सरांच्या टीमचा. त्यात स्टेपवाल्यांचा, म्हणजे मध्य आशियाकडच्या गवताळ प्रदेशातल्या लोकांचा, मागमूस नाही. म्हणजे बाहेरून कोणी आलंच नाही, सासरे बरोबर, मेव्हणा चूक, विषय संपला. पाश्चात्त्यांनी आपल्यावर लादलेल्या थिअऱ्या अजून किती दिवस चघळणार?

आगाऊ_पेठकर

खुर्ची वाया गेली नाही. धन्यवाद.

कर्वेरोड_कट्टा

पुरावा_द्या, तुम्ही पुरावा अर्धाच दिलात. राखीगढीचा तो डीएनए एका बाईच्या सांगाड्यातला, ती साधारण साडेचार हजार वर्षांपूर्वीची. स्टेपकडचे लोक दक्षिण आशियात मिसळायला लागले ते त्याच्यानंतर, इसवी सनापूर्वी २००० ते १५०० च्या दरम्यान, असं दुसरा पेपर सांगतो जो त्याच आठवड्यात आला, ५२३ प्राचीन माणसांचे जीनोम होते त्यात आणि लेखकांच्या यादीत शिंदे सरही आहेत. जो पाहुणा अजून यायचाय त्याचा चहाचा कप आज टेबलावर नाही म्हणून तो कधीच आला नाही असं कसं म्हणणार? आणि ती एकच बाई आहे हेही लक्षात घ्या, तिथले ६१ नमुने तपासले तेव्हा एका नमुन्यातून जेमतेम डीएनए मिळाला, आपल्या हवेत टिकत नाही तो.

पण याचा अर्थ मेव्हणा जिंकला असाही नाही. 'इराण' हे लेबल वाचून लोक डोळ्यासमोर तेहरान आणतात. त्या राखीगढीच्या बाईत जो इराणशी नातं सांगणारा वारसा आहे तो इराणमधल्या शेतकऱ्यांपासून शेती सुरू व्हायच्या आधीच फुटलेला आहे, १२ हजार वर्षांहून आधी. म्हणजे सिंधू खोऱ्यातल्या लोकांना शेती शिकवायला तिकडून कोणी झुंडीने आलं असं दिसत नाही. आर्य घोड्यावर बसून आले, शहरं जाळली, ही जुनी गोष्टही उत्खननात उभी राहत नाही. खरं तर दोन्ही बाजूंना हवी तशी गोष्ट डीएनए सांगतच नाहीये.

मला यातलं सगळ्यात भारी वाटतं ते पुढचं. २०१३ मध्ये भारतातल्या ७३ गटांचा अभ्यास झाला, त्यातून असं निघालं की साधारण ४,२०० ते १,९०० वर्षांपूर्वी इथले सगळे एकमेकांत बिनधास्त मिसळत होते, अगदी आज ज्यांच्यात रोटीबेटी व्यवहार होत नाही तेही. आणि मग ते बंद झालं. दारं लागली. त्याचे परिणाम आज हॉस्पिटलात दिसतात, आंध्र-तेलंगणातल्या वैश्य समाजात भूल देण्याच्या एका औषधाचा असर वेळेत उतरत नाही अशी अडचण जास्त आढळते, कारण शतकानुशतकं आपापसातच लग्नं. डॉक्टरताई जास्त सांगू शकतील.

अवांतर: हे सगळं बोलताना आपल्या मानववंशशास्त्रज्ञ इरावतीबाई कर्वे आठवल्याशिवाय राहत नाहीत. १९२० च्या दशकाच्या शेवटी बर्लिनला गेल्या, गाइड कोण तर ऑयगेन फिशर, वंशश्रेष्ठतेच्या विचारांचा माणूस. कवटीच्या डाव्या-उजव्या बाजूंतला फरक आणि वंश यांचा संबंध शोधायचं काम त्यांना दिलं होतं, आणि बाईंनी मोजमापं करून तिथेच बसून लिहिलं की असा संबंध दिसत नाही. नंतर पुण्यात येऊन डेक्कन कॉलेजात शिकवलं, सांकलियांबरोबर गुजरातेत लांघणजला उत्खननात होत्या, महाराष्ट्रभर माणसं मोजत फिरल्या. एकाच नावाखाली मोडणाऱ्या पोटजाती आतून वेगवेगळ्या असू शकतात हे त्यांनी टेप आणि कॅलिपर घेऊन मांडलं तेव्हा डीएनएची रचनासुद्धा कोणाला माहीत नव्हती. बायोलॉजी आणि इतिहास एकाच टेबलावर घेऊन बसायची सवय पुण्याला जुनीच आहे, आपणच विसरलो.

पुरावा_द्या

५२३ वाला पेपर वाचतो आणि मग बोलतो. पण इंग्रजांनी हा विषय आपल्यात फूट पाडायला वापरला हे तरी मान्य करा.

कर्वेरोड_कट्टा

ते मान्यच आहे की. वापरला. पण म्हणून हाडं खोटी ठरत नाहीत.

सिंहगडरोडी

बापरे, एवढं येईल असं वाटलं नव्हतं, सगळ्यांचे मनापासून आभार. पोराला अख्खा धागा वाचायला दिला, जेवणाचं ताट बाजूला ठेवून वाचला. त्याचा नवीन प्रश्न असा की मग ती इनामगावची माणसं आपले पूर्वज आहेत का? आणि इनामगावला आत्ता जाऊन काही बघता येतं का?

कर्वेरोड_कट्टा

पूर्वजांचं गणित त्यालाच करायला सांगा, त्याला लॉगॅरिदम असेलच. प्रत्येकाला दोन पालक, चार आजीआजोबा, असं दुप्पट करत वीस पिढ्या मागे गेलं की दहा लाखांवर पूर्वज होतात. तीस पिढ्या मागे, म्हणजे साधारण ज्ञानेश्वरांच्या काळात, १०७ कोटी. तेव्हा अख्ख्या जगात ४० कोटींच्या आसपास लोक होते. म्हणजे काय, तर तीच तीच माणसं आपल्या वंशावळीत पुन्हा पुन्हा येतात आणि तुमच्या माझ्या वंशावळी कुठेतरी आत गुंतलेल्याच आहेत. इनामगावच्या कुणाचा वंश आजपर्यंत टिकला असेल तर तीन हजार वर्षांत तो इकडच्या जवळजवळ सगळ्यांपर्यंत पोचला असण्याची शक्यता दांडगी आहे, सासऱ्यांपर्यंत आणि मेव्हण्यापर्यंतही. 'आपलं घराणं' म्हणून जी एक रेघ आपण काढतो ती त्या करोडोंमधली फक्त आडनावाची रेघ असते.

आणि आफ्रिकेबाहेरच्या सगळ्यांसारखा त्या पोराच्या अंगातही एकदोन टक्के निअँडरथल आहे हेही त्याला सांगा, मित्रांना सांगायला बरं. स्वांते पाबोंना २०२२ चं नोबेल यावरच मिळालं. कोविडमध्ये आजार गंभीर व्हायचा धोका वाढवणारा एक तुकडा निअँडरथलांकडूनच आलाय आणि तो दक्षिण आशियात युरोपपेक्षाही जास्त सापडतो. गेलेले लोक पण पूर्ण गेलेले नाहीत.

घोडनदीकाठ

इनामगावला गेलात तर शेतं आणि टेकाड दिसेल, पाटी बघून परत याल आणि मला शिव्या घालाल. वस्तू बघायच्या तर डेक्कन कॉलेजचं म्युझियम, येरवड्याला, तिथे इनामगावची भांडी वगैरे आहेत. वेळ आधी फोन करून विचारा. आणि सवड असेल तर जुन्नरला जाऊन नाणेघाट करा, पावसाळ्यातल्या शनिवार रविवारी मात्र नको, लेख बघायच्या ऐवजी रेनकोट बघावे लागतात.

ओपीडीनंतर

वैश्य समाजाचं कर्वेरोड_कट्टा म्हणाले ते बरोबर आहे, भूल देताना स्नायू सैल करायला जे औषध देतात ते मोडणारं एन्झाइम काहींच्यात कमी असतं, माहीत असेल तर दुसरं औषध वापरता येतं, घाबरायचं कारण नाही. असे लग्नगट आपल्याकडे शेकडो आहेत आणि प्रत्येकाचं काहीतरी वेगळं निघणार. सिकलसेल किंवा थॅलेसेमिया ज्या भागात आहे तिथे लग्नाआधी पत्रिकेबरोबर रक्त तपासा, एवढंच म्हणते.

आणि सिंहगडरोडी, मेव्हण्यांना सांगा थुंकीच्या टक्क्यांवरून भांडून झालं असेल तर एकदा शुगर आणि बी-१२ करून घ्या. वय काय त्यांचं?

सिंहगडरोडी

चाळीस. बारीक आहे, पोट आहे. आणि तो हा धागा वाचतोय.